ऑनलाइन कोर्समध्ये शिकवताना व्हिडिओखेरीज तुम्ही काय काय करता?

पाचवा_तास (धागाकर्ती)

मी पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजातल्या तासांखेरीज १२ आठवड्यांचा एक पूर्ण ऑनलाइन कोर्सही माझ्याकडे असतो. त्यात बँकेत काम करणारे, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं असे सगळे येतात.

ऑनलाइन शिकवण्याचा विषय निघाला की शिक्षकांचं बोलणं कॅमेरा कुठला, माईक कुठला, पेन टॅबलेट कुठला यावरच संपतं. आवाज स्वच्छ हवा, हे खरंच. पण कोर्स तरतो की बुडतो ते दुसरीकडेच ठरतं, असं माझं ठाम मत झालंय. व्हिडिओच्या आधी आणि नंतर विद्यार्थी स्वतः हाताने काय करतो, आणि त्यावर त्याला आपल्याकडून काय परत मिळतं, हा खरा कोर्स. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं तेव्हाच त्याच्या रचनेत चार अंगं धरलेली होती: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका-चर्चा. आपला जवळजवळ सगळा जीव पहिल्या अंगात जातो.

जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सची माहिती तपासून संशोधक केन कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक निबंध लिहिला. जास्त व्हिडिओ बघण्याचा शिकण्याशी जेवढा संबंध दिसला, त्याच्या सहापटीहून अधिक संबंध जास्त सराव करण्याचा दिसला. हे वाचल्यापासून मी आठवड्याची आखणी उलटी करते. आधी विद्यार्थ्याने काय करायचं ते ठरवते, मग त्यासाठी व्हिडिओ लागतो का ते बघते.

एक उदाहरण सविस्तर देते. सिम्प्सनचा विरोधाभास शिकवायचा असतो, म्हणजे वेगवेगळ्या गटांत दिसणारा कल सगळे गट एकत्र केले की उलटा दिसतो तो. व्हिडिओच्या आधी मी फक्त दोन आकडे देते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. प्रश्न एवढाच: इथे स्त्रियांवर अन्याय झाला असं म्हणता येईल का? तीन-चार ओळींत लिहा. मूडल या कोर्स चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चर्चेचा असा एक प्रकार आहे की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं दिसत नाहीत. तोच वापरायचा, नाहीतर पहिल्या हुशार मुलाचं उत्तर सगळे थोडं फिरवून लिहितात.

बहुतेक जण "हो, अन्याय झाला" असं ठासून लिहितात. दोन दिवसांनी मी सहा मोठ्या विभागांचा तक्ता उघडते. पहिल्या विभागात पुरुषांना ६२ टक्के प्रवेश, स्त्रियांना ८२ टक्के! मग परत लिहायचं: तुमचं आधीचं मत टिकतं का, आणि एकूण आकडा उलटा कसा आला? कुणाला तरी आपणहून दिसतं की जिथे प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. व्हिडिओ यानंतर येतो, आणि तोपर्यंत प्रत्येकाला त्याची गरज वाटू लागलेली असते. तोच व्हिडिओ आधी दाखवला तर "समजलं मॅडम" म्हणून पुढे जातात.

शुक्रवारी मी सगळी उत्तरं वाचून सात-आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रण टाकते. त्यात त्या आठवड्याच्या दोन-तीन ठळक गैरसमजुतींवर, नाव न घेता, विद्यार्थ्यांचीच वाक्यं वाचून बोलते. कोर्सभर सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते हेच.

तुम्ही काय करता? विषय कुठलाही असो, बारकाव्यांसकट लिहा.

---

मुक्कामपोस्ट

धागा काढल्याबद्दल आभार, ताई. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आहे. तुमची पद्धत पटली, पण ती आमच्याकडे आणताना काय बदलावं लागतं ते लिहितो.

घरात स्मार्टफोन एकच. तो वडील किंवा मोठा भाऊ कामावर घेऊन जातो, मुलीच्या हातात येतो रात्री आठनंतर. म्हणजे दुपारी दोनची लाइव्ह तासिका तिच्यासाठी नाहीच. रोजच्या दीड जीबीत सगळं घर बसवायचं असतं. म्हणून मी लाइव्ह हजेरीला गुण देणं साफ नाकारलं. प्राचार्यांशी त्यावरून बराच वाद झाला, पण हजेरीचे गुण हे खरं तर रेंजचे गुण होतात, हे त्यांना शेवटी पटलं.

व्हिडिओऐवजी मी आवाज आणि पानं अशी जोडी देतो. पीडीएफमध्ये आकृत्या आणि उदाहरणं, प्रत्येक पानाला मोठा क्रमांक, आणि ध्वनिमुद्रणात "आता पान ४ उघडा, खालची आकृती बघा" असं बोलणं. दहा मिनिटांचा आवाज काही एमबीत बसतो. तो एकीच्या फोनवर आला की ब्लूटूथने चौघींकडे जातो. मूडलचं मोबाइल ॲप घेतलं तर रेंजमध्ये असताना धडा उतरवून ठेवता येतो. शिक्षकाने परवानगी चालू ठेवली असेल तर चाचणीसुद्धा ऑफलाइन सोडवता येते आणि रेंज आली की उत्तरं वर जातात. ही सोय आहे हेच पुष्कळ शिक्षकांना माहीत नाही. सेटिंगमध्ये ती वेगळी चालू करावी लागते.

आणि मुदत. संध्याकाळी पाचची मुदत कधीही देऊ नका. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी सगळे बाहेर असतात. मी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र देतो.

---

रात्रपाळी

विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. कारखान्यात नोकरी करत एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) बरेच कोर्स केलेत, परीक्षाही दिल्यात. थोडा विरोधी सूर लावतो.

लहान लहान व्हिडिओंचं सध्या फार कौतुक चाललंय. मला फळ्यावर सलग पाऊण तास चाललेलं सिद्धीकरण आवडतं. प्राध्यापक मध्येच अडतात, मागे जाऊन एक चिन्ह दुरुस्त करतात, "इथे असं का केलं?" म्हणून स्वतःलाच विचारतात. यात विचार कसा चालतो ते दिसतं. सहा मिनिटांचे तुकडे केले की विषयाची सुटी सुटी माहिती हातात येते, त्यांतला धागा हरवतो.

मला तगवलं ते आठवड्याच्या मुदतीने. १२ आठवड्यांच्या कोर्सात स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम ८ धरतात. त्यांना २५ टक्के, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. तीन-चार आठवडे ओव्हरटाइममध्ये गेले तरी चालतं, पण त्याहून जास्त गेले तर नाही. ही ढील अगदी मापाची आहे. दुखणं एकच. बहुपर्यायी स्वाध्यायांची उत्तरं टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर फिरत असतात. गुण मिळतात, शिकणं होत नाही, आणि ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं.

---

पाचवा_तास

@रात्रपाळी, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. सहा मिनिटांचा तो आकडा २०१४ सालच्या एका अभ्यासातून आला. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची माहिती तपासली, आणि लोक सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओच टिकून बघतात असं दिसलं. पण तो अभ्यास लोक किती वेळ बघतात याचा होता. किती शिकतात हे त्याने मोजलंच नव्हतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही: टॅबलेटवर हाताने लिहीत लिहीत समजावलेलं लोक तयार स्लाइडपेक्षा जास्त टिकून बघतात. म्हणजे तुमचा फळा तिथेही जिंकला.

मी लांबीपेक्षा थांबे बघते. हार्वर्डमधल्या श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ साली एक साधा प्रयोग केला. २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. त्या गटाचं मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं आणि नोंदी कितीतरी जास्त निघाल्या. तेव्हा पाऊण तासाचं सिद्धीकरण जरूर ठेवा, पण जिथे प्राध्यापक "इथे असं का केलं?" म्हणतात तिथे व्हिडिओ खरंच थांबू द्या आणि विद्यार्थ्याला लिहायला लावा.

उत्तरं फिरण्यावर: मूडलमध्ये गणिती प्रश्नाला चल आकडे देता येतात, प्रत्येकाला वेगळे आकडे येतात. पण मला जास्त उपयोगी पडतं ते वेगळंच. आकड्याला एक गुण, "हीच कसोटी का निवडली?" याच्या दोन वाक्यांना तीन.

---

तंबोरा

मी शास्त्रीय गायन शिकवतो. काही शिष्य पुण्यात, काही लंडन आणि सिंगापूरला. आमची अडचण तुमच्याहून फार निराळी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंटरनेटवर आवाज पोचायला जो किंचित उशीर लागतो तो बोलताना खपून जातो, गाण्यात खपत नाही. मी आणि शिष्या एकत्र आरोह घेऊच शकत नाही, मी समेवर येतो तेव्हा ती अजून मागच्या मात्रेवर ऐकू येते. म्हणून सोबत गाणं पूर्ण सोडलं. मी म्हणतो, ती ऐकते. ती म्हणते, मी माईक बंद करून ऐकतो. ठेका आणि तानपुरा नेहमी तिच्या बाजूला लावायचा, माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट मी सगळ्या संगीत शिक्षकांना आवर्जून सांगतो. झूमसारखं ॲप पार्श्वभूमीचा सलग आवाज गोंगाट समजून दाबतं. तानपुरा म्हणजे नेमका सलग आवाज! शिष्य लावून बसतो आणि आपल्याला ऐकूच येत नाही. लांबवलेला षड्जसुद्धा मध्येच विरतो आणि वाटतं की श्वास कमी पडला. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची, खास संगीतकारांसाठी केलेली सोय आहे. ती दोन्हीकडे चालू करा, शिष्याने हेडफोन लावावेत. नाहीतर आपण शिष्याची नसलेली चूक सुधारत बसतो.

पण खरं शिक्षण या लाइव्ह तासात होत नाही, धागाकर्तीशी मी इथे अगदी सहमत आहे. आठवड्यात दोनदा प्रत्येकाने रियाजाचं तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवायचं. पाठवण्याआधी स्वतः ऐकायचं आणि सोबत लिहायचं, "मला कुठे खटकलं." मी मग वेळ टाकून उत्तर देतो: "एक मिनिट दहा सेकंदाला कोमल ऋषभ चढा लागलाय, पुढचा गंधार बघ." समोर बसून शिकवताना शिष्य स्वतःचं गाणं असं बाहेरून कधी ऐकत नसे. कान तयार व्हायला याने जी मदत होते ती मी प्रत्यक्ष शिकवणीतही आता सोडलेली नाही.

---

कोरी_पाटी

न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळेत शिकवते, आमचे काही वर्ग ऑनलाइन असतात. छोटी भर घालते. मुलं गप्प बसतात ही सगळ्यांची तक्रार असते. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी फार वर्षांपूर्वी वर्गांत मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि चांगली येतात. ऑनलाइन तर माईक उघडायलाच तेवढा वेळ जातो. माझ्या मुलांना मनात इंग्रजीतून मराठीत यायलाही वेळ लागतो. मी प्रश्न विचारून मोठ्याने म्हणते, "सगळ्यांनी चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका." मग सगळी उत्तरं एकदम येतात, आणि लाजरी मुलंही त्यात असतात.

---

रविवारचा_वर्ग

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, होतो. आता निवृत्त. चर्चा वाचून आनंद झाला, आणि एक जुनी गोष्ट नव्या लोकांपर्यंत पोचावी म्हणून लिहितो.

मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. आमच्याकडे पोस्टाने येणारी पुस्तकं होती. त्यांची घडण नेहमीच्या पाठ्यपुस्तकाची नव्हती. वाचकाशी बोलणारी भाषा, थोडं वाचलं की स्वयंअध्ययनाचे प्रश्न, मागे उत्तरं. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून हे करून दाखवलं होतं, आणि त्यांच्याकडे स्वाध्याय तपासणारा शिक्षक नुसते गुण देत नाही, पानभर शेरा लिहितो. शेरा हेच त्यांचं शिकवणं. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या तरुण शिक्षकांनी दूरशिक्षणाचा हा अनुभव वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. साधन बदललं, पण घरी एकट्याने शिकणाऱ्या माणसाची अडचण तीच आहे. शंका आली की शेजारी कुणी नसतं.

गळतीबद्दल कुणी लिहिलं नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सेसचा आढावा २०१९ साली 'सायन्स'मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. सुरुवातीला पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदलेल्यांत मात्र ४६ टक्क्यांनी. नुसतं कुतूहलाने डोकावणारे पुष्कळ असतात, त्यांना नापास समजू नये. पण ज्यांना खरंच शिकायचं होतं ते गळतात तेव्हा बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. केंद्रावर आम्ही दुसऱ्या रविवारी न आलेल्यांना पोस्टकार्ड टाकायचो: "पुढच्या रविवारी प्रकरण २ घेतोय, या." पुष्कळ जण यायचे. आता पडद्यावर एका क्लिकमध्ये दिसतं की कोण आठ दिवस आलेलं नाही. त्या यादीतल्या प्रत्येकाला नाव घेऊन दोन ओळी लिहा. सगळ्यांना एकच सूचना पाठवू नका, ती कुणी वाचत नाही.

---

यंत्रशाळा

अभियांत्रिकीचा शिक्षक. @रविवारचा_वर्ग, सर, तुम्ही जे पुस्तकाबद्दल लिहिलंत तेच आयआयटी मुंबईच्या लोकांनी व्हिडिओत आणलंय. सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी जे कोर्स चालवले त्यांत व्हिडिओच्या मध्ये ठरवून थांबे असतात. शिक्षक प्रश्न टाकतो, "व्हिडिओ थांबवा, वहीत लिहा" म्हणतो, आणि पुढे बोलताना त्या संभाव्य उत्तरांचाच धागा पकडतो. मी तो कोर्स केला तेव्हापासून माझी संहिता लिहिण्याची रीत बदलली. आधी थांबे लिहितो, मग मधलं बोलणं.

तिथलाच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पही बघा, मराठीतही आहे. सुमारे दहा मिनिटांचा धडा, आणि अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर तेच सॉफ्टवेअर उघडून पाठोपाठ करत जायचं. शिक्षक शेजारी नसताना शिकता यावं म्हणूनच रचलेलं.

आता माझा प्रश्न. एआयकडून लिहून आणलेल्या उत्तरांचं काय करता? दोन वाक्यांचं "का?" तेही लिहून देतं.

---

पाचवा_तास

@यंत्रशाळा, पकडण्याच्या मागे मी लागत नाही. ओळखणारी सॉफ्टवेअर निरपराध मुलावर आळ घेतात, आणि एकदा तसं झालं की तो विद्यार्थी कायमचा तुटतो. मी प्रश्न विद्यार्थ्याच्या गावाकडे नेते. तुमच्या एसटी स्थानकावर सलग काही दिवस एकाच गाडीचा उशीर नोंदवा. वहीतल्या नोंदीचा फोटो द्या, मग सरासरी आणि मध्यक काढून सांगा की प्रवाशाला यातला कुठला आकडा सांगाल. हिशोब कुणाकडूनही करून घेऊ दे. नंतर पाच मिनिटं फोनवर बोलते: "मंगळवारी एवढा उशीर का दिसतो?" ज्याने नोंद केली तो भडाभडा बोलतो. सगळ्यांशी दर वेळी बोलणं जमत नाही, पण कोर्सभरात प्रत्येकाशी एकदा बोलतेच. हे काम वेळखाऊ आहे, आणि संस्थांनी ऑनलाइन तुकडीत ३०० जण भरताना याचा विचार करायलाच हवा.

---

कानोसा

मी दृष्टिहीन आहे, पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरून बरेच ऑनलाइन कोर्स केलेत. वरच्या सगळ्या चांगल्या कल्पना माझ्यापर्यंत पोचाव्यात म्हणून काही गोष्टी सांगते.

"हे इथून इकडे आलं, म्हणून हे असं झालं" हे वाक्य मला काहीच देत नाही. "डावीकडचा क्ष उजवीकडे नेला, चिन्ह उणे झालं" असं म्हणा. त्याने फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्यालाही समजतं. @मुक्कामपोस्ट, तुमची ध्वनिमुद्रणं मला फार आवडतील.

पानांचा फोटो काढून केलेली पीडीएफ वाचक वाचत नाही, ते त्याच्यासाठी चित्र असतं. आणि मराठीत आणखी एक अडथळा: जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स. तुम्हाला पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, मला निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. नोट्स युनिकोडमध्येच करा. एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट आहे, मराठी वाचतो. एकदा डोळे मिटून स्वतःचा धडा त्यावर ऐका.

---

मुक्कामपोस्ट

@कानोसा, माझ्या नोट्स जुन्या फॉन्टमध्येच आहेत. या सुट्टीत बदलायला घेतो. युनिकोडमध्ये आणल्या की मुलांना फोनवर शब्द शोधताही येईल, हा फायदा वेगळाच.

@पाचवा_तास, ताई, बर्कलीचा तो धडा मला आवाज आणि पानं या रूपात करायचा आहे. तुमची हरकत नसेल तर तक्ता पाठवाल का?

---

पाचवा_तास

हरकत कसली! आज रात्री पाठवते. फक्त पहिले दोन आकडे आणि विभागांचा तक्ता वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. एकाच पीडीएफमध्ये दिलं की मुलं आधी शेवटचं पान उघडतात. तक्ता दोन दिवसांनी पाठवा.

@कानोसा, तक्ता तुम्हाला कसा दिला तर सोयीचं होईल?

---

कानोसा

चित्र नको, खरा तक्ता हवा, पहिली ओळ शीर्षकांची. रकाने एकमेकांत विलीन करू नका, वाचक गोंधळतो. पहिल्या रकान्यात विभागाचं नाव, मग पुरुषांचे अर्ज, पुरुषांचे प्रवेश टक्के, स्त्रियांचे अर्ज, स्त्रियांचे प्रवेश टक्के. आणि तक्त्याच्या आधी एक वाक्य: "शीर्षकाची ओळ सोडून सहा ओळी, पाच रकाने." मग मी कुठे आहे ते मला कळत राहतं. पाठवण्याआधी मला द्या, ऐकून सांगते.